कासाराचं तट्टू

डोईवर लोकरीचं गाठोडं घेऊन पौडच्या बाजाराला जाताना धुळाजी धनगराचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. नव्या घोड्याची ऐपत नव्हती. उरवड्याच्या दगडू कासाराची नजर गेली, त्याची बांगड्यांची फिरती बंद पडली आणि त्याचं तट्टू विकायला निघालं, तेव्हा धुळाजी तिथं पोचला. त्यानं दात पाहिले, खूर उचलून पाहिले, ओढ्यापर्यंत पळवूनही आणलं.

"वय झालंय, पर दगा द्यायचं न्हाई," कासार म्हणाला. "डोळं अधू झाल्यावर ह्येच मला दारोदार नेत हुतं."

स्वस्तात पडलं म्हणून धुळाजी त्यावर बसून खुशीत निघाला. पण आपल्या गावात शिरताच तट्टू पहिल्याच दारात उभं राहिलं. टाचा मारल्या, शिव्या हासडल्या, तरी ढिम्म हलेना. आतून सखू हात पुसत आली.

"अगं बया, तुमी कासार झाला व्हय, धुळाजीबाबा?"

पुढच्या दारी तेच, त्याच्याही पुढच्या दारी तेच. बाया बाहेर येत, हसत, चार शब्द बोलत. बायको कोंडाबाई गेल्यापासून गाव त्याच्याशी एवढं कधी बोललंच नव्हतं. त्यानं शिव्या थांबवल्या, लगाम सैल सोडला.

आळीच्या टोकाला त्याचं घर आलं. उतरायला म्हणून त्यानं पाय उचलला.

तट्टू त्या दारावरून तसंच पुढं गेलं. कोंडाबाई गेल्यापासून कासार तिथं कधी थांबलाच नव्हता.