फौजी शेवटी जेवायचा

माझा मुलगा सुभेदार होऊन फौजेतून परत आला. त्याला माणसं चालवायची सवय होती आणि घरात चालवून घेणारं कोणी नव्हतं. सून त्याच्याशिवाय संसार करायला शिकली होती. पोरं त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलत. सुरतेला एका कापड गोदामावर गार्डाची जागा तयार होती. पलटणीतला मित्र सारखा फोन करायचा. "एक हंगाम इथे बघतो, नाही जमलं तर जातो," असं म्हणून त्याने नंदुरबारजवळ पथारी टाकली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. सून म्हणाली, "आते गया तर तो परत येवाव नई." मलाही तसंच वाटत होतं.

धडगावकडच्या डोंगरातल्या बाया दरवर्षी मिरचीच्या कामाला खाली येतात. आमच्याकडेही आल्या. मिरची पसरायची, उलटायची, खराब वेगळी करायची, हे काम त्यांना सांगावं लागत नाही. तरी तो रोज सकाळी त्यांना ओळीने उभं करून सांगायचा. त्या हसायच्या आणि कामाला लागायच्या. तोवर ठीक होतं.

बिघडलं ते जेवणावरून. दुपारी बाया भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या की हा समोर हात मागे बांधून उभा. सगळ्यांचं झाल्यावर मग स्वतःचा डबा उघडायचा.

"बस ना तू बी," मी म्हणायची.

"माय, फौजना लंगरमा जवान पहिले जेवतस. अधिकारी मांगून. हाऊ कायदा शे."

कायदा चांगलाच होता. पण मी तरुणपणी दुसऱ्याच्या पथारीवर मजुरी केली आहे. तिथे आम्ही जेवताना एकच माणूस उभा असायचा, तो मुकादम. कोण किती वेळ बसतं ते बघायला. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी मुकादम नई शे." म्हणाला म्हणून बायांना ते कळणार थोडंच. त्या घास भराभर गिळायच्या, अर्धी भाकरी परत बांधायच्या. घरी सूनही तशीच जेवायची, कारण तिथेही हा सगळ्यांचं होईपर्यंत उभाच.

एका सकाळी बाया आल्या नाहीत. रस्त्यापलीकडच्या पथारीवर दिसल्या. त्यात आभाळ भरलं. हिवाळ्यातला पाऊस तासभर पडला तरी पसरलेली मिरची काळी पडते. सगळा माल उघड्यावर होता आणि गोळा करायला मी, सून आणि तो, आम्ही तिघंच.

"सुरतले फोन करस," तो म्हणाला.

"फोन मांगून कर," मी म्हणाले. "पहिले त्यासले इचार."

मी त्याला पलीकडे घेऊन गेले. बायांची म्होरकी माझ्याएवढीच म्हातारी. त्याने तिला विचारलं, काय कमी पडलं? ती हातातलं काम न सोडता बोलली.

"फौजी, तू आम्हना तोंडकडे काब्र देखस? भाकरी मोजस का?"

"नई आजी. मी तुमना मान ठेवस."

"मान?" ती बाकीच्यांकडे बघून हसली. "मान ठेवाना तर खाले बस. उभा मानूसना समोर घास उतरत नई."

तो मग तिथेच, परक्या पथारीवर, मातीत बसला. फौजेत जवानांना माहीत असतं की साहेब त्यांच्यासाठी थांबलाय. इथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आपण चांगलं करतोय या समजुतीत त्याने विचारलंही नव्हतं. म्हातारी मग पलीकडच्या मालकाशी बोलली. त्याची मिरची आधीच झाकून झाली होती. त्याने दुपारपुरत्या बाया सोडल्या.

सगळे धावलो. ताडपत्री ओढेपर्यंत थेंब सुरू झाले. कडेचा बराच माल भिजला आणि तो फेकावा लागला. मधला वाचला. ताडपत्रीच्या आडोशाला सगळे दाटीवाटीने बसलो. म्हातारीने तिच्या फडक्यातली भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने एकदा आजूबाजूला बघितलं, अजून कोण जेवायचं राहिलंय ते. सवय अशी जात नाही. मग त्याने घास घेतला आणि बाया आपापसात बोलायला लागल्या, डोंगरातल्या भाषेत, मोठ्याने. त्याला एक शब्द कळत नव्हता.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "जागा दुसराले दी टाक," माझ्या मुलाने त्याला सांगितलं. सून चुलीपाशी होती. तिने त्याच्यासकट सगळ्यांची ताटं एकदमच वाढली.