रुमालाला लागणारा वेळ

तो हिन्याच्या अत्तराचा वास आजही आठवतो. उष्ण, मातकट, कोठडीच्या चुन्यात मुरलेला. आठवला की मी अजूनही उठून खिडकी उघडते.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी होती. बंदोबस्तावरच्या हवालदारांचा फोन आला, "मॅडम, पब्लिकनं एक अत्तरवाला धरलाय. जल्दी या." सासूबरोबर दर्शनरांगेत उभ्या असलेल्या एका सुनेला त्याने रुमालावर औषध हुंगवले, ती लगेच कोसळली आणि हातातल्या पाटल्या गेल्या, अशी फिर्याद होती. अत्तरवाला साठी ओलांडलेला, ओठ फुटलेला. झडतीत पाटल्या मिळाल्या नाहीत. पेटीत कुप्या आणि त्या पुसायचा एक ओला रुमाल मिळाला. मला तो रुमाल पुरेसा वाटला. मी अटक केली.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याला न्यायालयात हजर करायचे होते. सकाळी चहा तसाच ठेवून मी ठाण्यात येरझारा घालत होते. फिर्यादीतला 'लगेच' हा शब्द टोचत होता. माझ्या मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल देताना मी त्याचा हात धरून उभी होते. मास्क घट्ट बसवलेला, तरी तो मान झटकत होता, बोटे सोडवत होता. केवढा लांबला होता तो वेळ!

ओळखीच्या भूलतज्ज्ञांना फोन लावला. ते हसलेच.

"मॅडम, आमच्याकडं यंत्र, मास्क, सगळं असतं. तरी हुंगायच्या औषधानं मोठ्या माणसाला झोपवायला मिनिटभर तरी जातं. रुमालावरचं क्लोरोफॉर्म तर पाच मिनिटं दाबून धरावं लागेल. तेवढा वेळ माणूस गप बसेल? खोकेल, झोंबेल. सिनेमातच पडतात फटाफट!"

बोलावल्यावर सून सासूबरोबर ठाण्यात आली. सासू दारातूनच कडाडली, "त्या मेल्याला सोडू नका, बाई! वास आला अन् पोरगी बेशुद्धच झाल्ती." सासूला बाहेर बसवले आणि सुनेला विचारले, "पाच मिनिटं तुझ्या तोंडावर रुमाल, आणि शेजारच्या सासूला दिसला नाही?"

"पाच मिनिटं?" ती दचकली. मग मान खाली घालून पुटपुटली, "पाटल्या मी धाकट्या बहिणीला दिल्त्या, मॅडम. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. घरून पदराखाली हात झाकून आल्ते. रांगेत सासूबाईंनी मनगट धरलं, मंग मी डोळे मिटून पडले. अत्तराचा वास येऊच राह्यला होता, म्हणून म्हणलं, हुंगवलं. त्या बाबाला मारतील, हे डोक्यातच आलं नव्हतं."

तिचा जबाब नोंदवला, न्यायालयात तसा अहवाल दिला. अत्तरवाला सुटला. वरिष्ठांनी तपासाचे कौतुक केले. ते ऐकताना मला खुर्चीत बसवेना. भूलतज्ज्ञांना विचारलेला प्रश्न मी अटकेच्या आधी विचारायला हवा होता. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत 'लगेच' हा शब्द दिसला की मी लेखणी खाली ठेवत असे.

अत्तरवाल्याला त्या दिवशी पेटी परत देताना मी म्हणाले, "बाबा, पुढच्या चतुर्थीला राजूरला या. मी स्वतः तुमच्याजवळ उभी राहीन."

त्याने पेटीची दोरी आवळली, खांद्यावर घेतली आणि दारात थांबून म्हणाला, "न्हाई."