बाबांच्या तोंडचं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही वैशालीला ओळखत नाही, म्हणून.

मी बदलापूरला राहतो, मालिकांच्या पटकथा लिहितो. अंबरनाथच्या एका कॉलेजातली मुलं मला हौसेने बोलावतात आणि विचारतात – सर, चांगल्या पटकथाकाराला काय काय यावं लागतं? मग मी रंगात येतो. म्हणतो, आधी ऐकता आलं पाहिजे. मग नट व्हायला हवं; सासूही आपणच, सूनही आपणच. कुणाची दुखरी नस कुठे आहे ते ओळखायचं. चॅनलवाल्यांशी गोड बोलून भांडायचं. आणि हो, वाक्यांवर कात्री चालवताना हात थरथरता कामा नये! मुलं खूश होतात. मी मात्र घाईने विषय बदलतो. कारण हे सगळं मी पहिल्यांदा नीट वापरलं ते कुठल्या मालिकेत नाही – आमच्या स्वयंपाकघरात.

वैशाली माझी धाकटी बहीण. उल्हासनगरला एका कपड्याच्या दुकानात नोकरीला होती. शेजारच्या दुकानातला हरेश, सिंधी मुलगा, तिला आवडला. लग्न करायचं म्हणाली. आई लवकर गेलेली. बाबांचं सगळं आयुष्य कारखान्यात यंत्रापुढे गेलेलं. पोरीशी असल्या विषयावर बोलायचं कसं, हे त्यांना कुठून कळणार? ते माझ्याकडे आले. तू लेखक ना, तूच काय ते बघ, म्हणाले.

हरेशमध्ये काही खोट होती का? नव्हती. मला भीती होती ती कुळगावातल्या नातेवाइकांच्या तोंडाची. माझ्याही लग्नाची बोलणी चालू होती, ती फिसकटली तर? भित्रा होतो, दुसरं काय! पण तेवढंच असतं तर मी नुसता आरडाओरडा केला असता. त्या दिवसांत माझा एकही सीन पास होत नव्हता. आणि इथे – सांगायला लाज वाटते – सीन आयता समोर आला होता.

वैशालीला कुणी रागावलं तर ती उलट भांडली असती. म्हणून मी ठरवलं, भांडायचंच नाही. रविवारी ती वालाचं बिरडं करायची, बाबांचं आवडतं. मोड आलेले वाल सोलत सकाळभर बसायची. बाबांनी ते वाढून घ्यायचं, दोन घास खायचे आणि तिने हरेशचा विषय काढला की भरल्या ताटात हात धुऊन उठायचं. बोलायचं काहीच नाही. ज्या माणसाने जन्मात पानात एक शीत टाकलं नाही, त्याने हे करायचं.

मी बाबांची तालीम घेतली. हो, तालीम! ती कामावर गेलेली असताना, गच्चीवर.

रविवारी सीन झाला. बाबांनी ताटात पाणी ओतलं, हात बुडवले आणि उठले. वैशाली भाताचं भांडं हातात धरून उभीच राहिली. ती रडेल असं मी धरून चाललो होतो – नाही रडली. तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. हरेशचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. बाबांनीही पुन्हा कधी बिरडं मागितलं नाही.

तो सीन मी पुढे एका मालिकेत घातला. लगेच पास झाला. माझं नाव झालं ते तिथून.

वैशालीने लग्न केलंच नाही. शेवटपर्यंत बाबांचं सगळं तिनेच केलं. ते जाऊन वर्ष झालं तेव्हा त्यांच्या नावाने तिने बिरडं रांधलं. मला वाढता वाढता म्हणाली, "दादा, बाबा एकदा जरी बोलले असते ना – बोलव त्याला घरी, बघू तरी – बस. मग नाय म्हणाले असते तरी चाललं असतं मला."

तालमीचं मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही.

गच्चीवर बाबा मध्येच थांबले होते. "अन्न टाकायला नाय जमायचं रे मला," म्हणाले. आणि मग जरा वेळाने, "त्यापेक्षा त्या पोराला एकदा घरी बोलवूया का? बघू तरी." हेच. अगदी हेच! मी काय म्हणालो? म्हणालो, बाबा, हे वाक्य नको, याने सगळं सैल पडतं. मला यातलं कळतं असं समजून त्यांनी मान हलवली.

वैशाली डाव हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. सांगायची हीच वेळ होती. ते मला कळत नव्हतं असं नाही – माझं कामच ते आहे.

"बाबांचा स्वभावच तसा होता गं," मी म्हणालो आणि ताट पुसून स्वच्छ जेवलो.