तोलारामच्या बहिणीचा फोटो

बायको गेली, तिला सांगितलं नाही. मुलगा आता म्हातारा व्हायला आला, त्यालाही ठाऊक नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडाशी येतं आणि मी थुंकीबरोबर गिळून टाकतो.

लोक मला सज्जन म्हणतात. सत्कार करतात, नारळ देतात, शाल घालतात. शाल अंगावर पडली की माझी मलाच शिसारी येते. सज्जन म्हणे!

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी तिथं शिक्षक होतो. जागचा हललो नाही आणि मुलूख बदलला. राजाचा नोकर होतो, सरकारचा झालो, आणि काही वर्षांत बदली आली मोखाड्याला. आई आणि धाकटी बहीण यमू माझ्याबरोबर आल्या. यमूचा नवरा तापानं गेलेला. विसाव्या वर्षी सासरनं तिला परत पाठवली होती.

भातं झोडून झाली की मोखाड्याला तंबूतला सिनेमा यायचा. बाजाराच्या दिवशी, अंधार पडला की खेळ. चित्रं सगळी हिंदी, आणि समोर बसलेली माणसं पाड्यापाड्यांवरून आलेली. त्यांना माझी शाळेतली मराठीच जड, तिथं हिंदी कुठली? मी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून मालकानं मला पडद्याशेजारी उभं केलं आणि हातात पत्र्याचा कर्णा दिला. पडद्यावर बोलणं झालं की ते मी त्यांच्या बोलीत सांगायचं. "मास्तर, ती काहाला रडते?" असं कुणी विचारलं की अख्खा तंबू माझ्या तोंडाकडे बघायचा. काय सांगू तुम्हांला — शाळेत पोरं ऐकत नसत, इथं त्यांचे बाप ऐकायचे! मी सांगितलं की हसायचे, मी सांगितलं की रडायचे. डोक्यात गेलं माझ्या ते.

मशीन चालवायचा तोलाराम. सिंधी. फाळणीत घरदार टाकून आलेला, कल्याणच्या छावणीतून या तंबूच्या नोकरीला लागलेला. मोखाड्याला मुक्काम असला की जेवायला आमच्याकडे. नाचणीची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नसे, पण यमूनं वाढली की दोन खायचा. एकदा त्यानं मला पेटीतून एक फोटो काढून दाखवला. त्याची बहीण. येताना स्टेशनातल्या गर्दीत हात सुटला, पुन्हा सापडली नाही. हा फोटो तो कुणाला दाखवत नसे. मला दाखवला. का? माणूस चांगला दिसलो असेन!

त्याला यमूशी लग्न करायचं होतं. यमूलाही करायचं होतं. दोघांनी येऊन मला सांगितलं, आणि मी काय म्हणालो असेन? "माझी काही हरकत नाही." असा मी साळसूद. अडली ती आई. कुठला कोण, घर ना दार, तिकडे मागे कुणाला टाकून आलाय कुणास ठाऊक — तिचं काही चुकीचं नव्हतं.

त्याच साली एक चित्र आलं. पलीकडून आलेला तरुण, इकडच्या गावातली मुलगी. त्याच्या पेटीत एका बाईचा फोटो सापडतो. मुलगी विचारते, तो सांगतो, ही माझी बहीण, वाटेत हरवली. शेवटी गाव त्याला आपला म्हणतं आणि लग्न होतं. मी ते आधीच नाशिकला पाहिलं होतं. रुमाल भिजेपर्यंत रडलो होतो. पडद्यावरच्या निर्वासितासाठी गळा काढायला माझं काय जात होतं?

तोलाराम मालकाच्या मागे लागला आणि ते चित्र त्यानं मोखाड्याला आणवलं. आईला येऊन म्हणाला, "माँजी, ये मेरी ही कहानी है. आप देखो." मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "बघते. मग काय ते सांगते." मला बाजूला घेऊन तो मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच म्हणाला, "मास्तर, नीट सांगा."

नीट सांगा.

शाळेत तोवर कुजबुज सुरू झाली होती. मास्तरची बहीण, त्यात विधवा, आणि निर्वासिताबरोबर! मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, आणि मी तिच्यावर डोळा ठेवून होतो. आई हो म्हणाली तर मला नाही म्हणावं लागणार, तेही बहिणीच्या तोंडावर. ती हिंमत कुठून आणू? माझ्याकडे कर्णा होता.

आई पुढे बसली होती. यमू बायकांच्या बाजूला, दोरीपलीकडे. पडद्यावर पेटी उघडली, फोटो निघाला, तो बोलला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी कर्णा तोंडाला लावून म्हणालो, "ही त्याची बायको. तिकडं टाकून आला. पोरीला सांगतो, बहीण हाय."

जीभ झडली नाही माझी. स्वच्छ, खणखणीत आवाजात बोललो.

"हरामी!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. तेवढ्यात रीळ संपलं, बत्ती लागली, आणि आईनं मागे वळून मशीनकडे पाहिलं. तोलाराम नवं रीळ चढवत होता. मी समजत होतो, त्याला एवढी मराठी कळत नसेल. यमूनं शिकवली होती त्याला. शब्द न् शब्द कळला होता. त्यानं रीळ चढवलं, मशीन सुरू केलं. खेळ थांबवला असता तर मालकानं हाकलला असता.

आणि पुढची सगळी रिळं मी ते खोटं ओढत नेलं. पडद्यावरचा तो बहिणीच्या आठवणीनं रडला, मी सांगितलं, पकडला गेला म्हणून रडतोय. तंबू हसला. शेवटी लग्न लागलं, मी सांगितलं, फसली बिचारी. आई पदर झटकून उठली आणि मशीनच्या दिशेनं थुंकली. केसानं गळा कापणं म्हणतात ना? आणि खरं सांगू — लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज त्याचीच सगळ्यात जास्त किळस येते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या ओसरीवर आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "मास्तर, तो फोटो मी फक्त तुम्हांला दाखवला होता." आणि गेला. तंबू पुढच्या साली पुन्हा आला, मशीनवर दुसराच माणूस होता.

यमूनं एकदाच विचारलं. चुलीपाशी बसली होती. "दादा, खरंच तसं होतं त्यात?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक 'नाही' पुरलं असतं. मी म्हणालो, "मी कशाला खोटं सांगू?"

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास होता तिचा. मी मुख्याध्यापक झालो. पुढे माझं लग्न झालं. माझी मुलं तिनं वाढवली. घर तिनं सांभाळलं. दुसऱ्या लग्नाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, मी तर नाहीच नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी ती माझ्या मुलाकडे नाशिकला राहायला गेली होती. तिथं ते जुनं चित्र पुन्हा लागलं होतं. सुनेबरोबर बघून आली. एव्हाना घरात रेडिओ होता, यमूला हिंदी चांगली कळायला लागली होती. हे मला सुनेनं पत्रातून कळवलं. लिहिलं होतं, आत्या त्या फोटोपासून शेवटपर्यंत रडत होत्या, एवढं काय होतं त्यात?

यमू परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो. काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, निदान विचारेल. तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, स्वयंपाकाला लागली. नेहमीसारखं ताट वाढलं आणि आतून हाक मारली.

"मास्तर, जेवायला या."

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मला दादा म्हणाली नाही.