उजव्या कुशीवरचे आठ महिने

"तुम्हाला कंप्लीट हार्ट ब्लॉक आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला ठोक्याचा निरोप खाली पोचतच नाही. खालचा कप्पा आपल्या मनाने, सावकाश चालतो. ईसीजीत माझी नाडी चौतीस होती. बावन्न वर्षांत या हृदयाला मी विडीचा धूर दाखवला नाही, आणि त्याने मला बर्डीच्या बाजारात, हातात मेथीची जुडी असताना आडवं केलं.

चौथ्या दिवशी पेसमेकर बसला. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून मोठं एक यंत्र आणि तिथून हृदयापर्यंत गेलेली वायर. नाडी सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तेव्हा नागपुरात पेसमेकरवाला माणूस म्हणजे बघायची वस्तू होती. गल्लीतले लोक येऊन माझी छाती बघून गेले.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी मला धड बसवत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी सूचना सांगायला माझ्या बायकोला, कुसुमला, बाहेर बोलावलं. घोळ तिथेच झाला.

घरी येताच तिने बजावलं, "डाक्टरनं सांगतलं हाये, जलमभर उजव्याच कुशीवर झोपाचं. डाव्या कुशीनं वायर सरकते."

मी जन्माचा डाव्या कुशीचा माणूस. उजवीकडे वळलो की झोप गायब, आणि उशीतून ठोके ऐकू येत. मग ते मोजत पडायचं. दिवसा ऑफिसात फायलीवर मान पडायची. सायकल सुटली. कुसुमने विचारलं की मात्र मी "छान झोपलो" म्हणायचो.

आठव्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "हे यंत्र काढून टाका. मरण आलं तरी चालेल, मला झोप हवी."

त्यांनी झोपण्याची सगळी पद्धत विचारली आणि ते चक्रावले. "जन्मभर? टाके निघेपर्यंत जपा, एवढंच मी म्हटलं होतं. कसेही झोपा."

शेजारी कुसुम पदराचा काठ बघत होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "काहून केलं असं?"

"उजव्या कुशीवर तुमचं तोंड माह्या खाटेकडं येते. सास चालून राहिला का नाही, थे दिसते. नाही तं निस्ती पाठ."

"मले सांगाचं नाही काय?"

"माह्यं आयकलं असतं तुमी? डाक्टरचं नाव घेतल्याशिवाय एक गोळी तरी खाल्ली काय?"

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. हृदयाने दगा दिला तेव्हा भांडायला समोर कोणी नव्हतं. हिचा शब्द मात्र मी कधी पडताळून पाहिला नव्हता, आणि तिने माझी आठ महिन्यांची झोप नेली. तो राग अजून पुरता गेलेला नाही. ज्यांना हे यंत्र बसणार आहे त्यांना माझं सांगणं आहे: सूचना स्वतःच्या कानांनी ऐका. उठवत नसेल तर डॉक्टरांना खाटेपाशी बोलवा.

डावी कूस तिच्याकडे यावी म्हणून मी उशी पायथ्याशी टाकली. पण तसं डोकं उत्तरेला जात होतं, मेलेल्या माणसाचं ठेवतात तसं. कुसुमने ती उशी उचलून पोटाशी धरली, सोडेना. शेवटी दोघांनी खाटांची अदलाबदल केली.

रात्री डाव्या कुशीवर वळलो. समोर तिचे डोळे उघडेच होते. मी पांघरूण छातीखाली ओढलं, तिला दिसावं म्हणून, आणि झोपलो.