खिशातला निळा पंप
परवा बायकोच्या, माझ्या बुढीच्या, पेटीत तिचा दम्याचा निळा पंप सापडला अन् तो दिवस आठवला. त्या दिवशी पंपात दोन-तीनच फवारे उरले होते. मले इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून दाखवायले मी पंपच घेऊन गावातल्या मेडिकलात गेलतो. दुकानदारानं मोबाइलात पाहून सांगितलं, "बाबा, या कंपनीचा पंप दारव्ह्यातच भेटते, बाजाराजवळच्या दुकानात." जीपीत बसलो. अर्ध्या वाटेत खिशात हात गेला अन् पंप हाताले लागला. घरी ती एकटी, अन् तिचा पंप माझ्यापाशी! परतलो तर नवं औषध नाही, पुढं गेलो तर उशीर. पुढंच गेलो. नवा पंप घेऊन धावत घरी आलो, तर ती उंबऱ्यावर वाकून धापा टाकत होती. फवारा घेऊन दम बसल्यावर बोलली, "रिकामं खोकं न्याचं होतं ना जी! माझा जीवच खिशात घालून गेलते." आता घरात कोणी नाही, तरी निघताना खिसा चाचपतो.