राणीला न दिलेलं वाक्य

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला तर मी शेजाऱ्यांच्या भांडणासकट सगळं सांगते. मग तुम्हालाच का? काय माहीत. बसा जरा.

बरीच वर्षं झाली. घणसोलीत आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप होता. नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी. त्या वर्षी एक जुनी शोकांतिका घेतली — गर्वापायी पोटच्या पोराचा जीव घेणारा राजा. दिग्दर्शक म्हणाला, राजा नको, राणी करू. मला वाटलं, राणी मीच. दुसरं आहे कोण? कॉलेजपासून स्टेजवर उभी राहतेय मी!

राणी झाली रंजना. ग्रुपात नवीनच आलेली, गावठाणातल्या आगरी घरची सून. खोल्या भाड्यानं द्यायच्या, भाडेकरूंची कटकट मिटवायची, यात तिचा दिवस जायचा. स्टेजवर कधी पाऊल ठेवलेलं नाही — आणि पहिल्याच वाचनाला तिनं सगळा हॉल गप्प केला. खरं सांगू? ती माझ्यापेक्षा चांगली होती. तेच तर पोटात दुखत होतं.

मला दिलं प्रॉम्प्टिंग. विंगेत उभं राहायचं, कोणी अडकलं की हळूच पुढचं वाक्य द्यायचं.

रंजनाच्या सासूनं एकाच अटीवर होकार दिला होता — एक प्रयोग बघेन, मग पुढचं ठरवीन. त्यामुळे पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगांत त्यांची सगळी भावकी. शेवटचा प्रवेश. राणी मुलाच्या प्रेताशी बसते आणि भर दरबारात म्हणते, "याला मी मारलं." रंजना बसली. आणि गप्प. आधी वाटलं, अभिनय चाललाय. मग तिनं मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले.

मला आख्खं नाटक पाठ होतं. आणि मी — कसं सांगू — मी तिच्याकडे बघत राहिले. विसरले नव्हते हो! मनात अगदी स्पष्ट आलं, पडू दे हिला. मागून कोणीतरी हसलं. मग शिट्टी आली. शेवटी पडदा पाडावा लागला.

आत दिग्दर्शक माझ्यावरच धावून आला, प्रॉम्प्ट कुठे होता म्हणून. मी तोंड उघडायच्या आत रंजना बोलली, "तिला नको बोलू. तिनी दिला आसंल, माझेच कानाव नाय आला."

आणि मी? मी मान डोलावली. हो, दिलं होतं की! गप्प राहण्यापेक्षा हे मान डोलावणं जास्त वाईट — नाही का?

सासू एवढंच म्हणाली, "झाली ना हौस? चल घरा." रंजना पुन्हा तालमीला आली नाही. पुढच्या प्रयोगांत राणी मी केली. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं, ते आमच्या शोकेसमध्ये आहे. आवडलंही मला — ते कशाला लपवू?

रंजना अजून भाजी घेताना भेटते. मागच्या आठवड्यात सोबत तिची नवी सून होती. तिला म्हणाली, "हीच ती गो. माझी फजिती झाली तवा हिनी वाक्य दिलेला, मीच बहिरी." पोरगी तिथेच वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आले.